बँकॉकमध्ये भेटलेली पंचवटी

(दहावी १९९९ च्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' असा विषय दिला आहे. परदेश म्हटलं की लोकांना अमेरिका हवी असते. ती सांगणारे आपल्या वर्गात पाच-सहा जण आहेत, त्यांना विचारा. माझा परदेश म्हणजे बँकॉक. आणि तिथलेही पहिले वीस दिवसच सांगणार आहे. त्या वीस दिवसांत एक जुनी गोष्ट पुन्हा समोर आली. ती या सभागृहात माझ्यासकट चौघींना माहीत आहे. बाईंना माहीत नाही. आज सांगून टाकते.

२०१२ चा मार्च संपत आला होता. कंपनीने मला सहा महिन्यांसाठी बँकॉकला पाठवायचं ठरवलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा म्हणाला, "तीन आठवडे रजा काढतो, तुझं बस्तान बसवून देतो आणि परत येतो." मुलीला सासरी पोचवायला माहेरचे जातात, मला नोकरीवर पोचवायला नवरा आला. निघताना आई म्हणाली, "रामाचं नाव घे आणि जा." मी "हो हो" म्हटलं आणि बॅगेचं वजन बघायला लागले.

उतरले त्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा पत्ता हातात पडला, तर रस्त्याचं नाव 'फ्रा राम सी', म्हणजे चौथा राम. तिथे चक्री घराण्याचं राज्य आहे आणि प्रत्येक राजाला राम पहिला, राम दुसरा असं म्हणतात. पहिल्या रामाने १७८२ मध्ये बँकॉकला राजधानी वसवली. आम्ही गेलो तेव्हा नववा राम गादीवर होता. आईला फोन करून म्हटलं, "अगं, इथे टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायचा तरी रामाचं नाव घ्यावं लागतं." आई म्हणाली, "मग? मी काय सांगितलं होतं?"

आता उन्हाचं सांगते. आपण नाशिककर उन्हाला घाबरत नाही. एप्रिलमध्ये रामकुंडावरच्या फरश्या तापतात, तरी आपण अनवाणी उड्या मारत गेलेलो आहोत. पण आपलं ऊन कोरडं. सावलीत आलं की मागे राहतं. तिथलं ऊन सावलीतही पाठ सोडत नाही. सकाळी सात वाजता बिल्डिंगच्या बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचांवर वाफ धरायची. नवरा पुण्याचा. पहिल्या दिवशी इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून निघाला. कोपऱ्यापर्यंत पोचेतो शर्ट पाठीला चिकटला आणि पुण्याचा सगळा ताठा त्याच्याबरोबर वाहून गेला.

आणि गर्दी! फूटपाथवर एका रांगेत गाड्या. कुणी कोळशावर काही भाजतंय, कुणी उखळात कच्ची पपई कुटतंय, कुणी फणसाचे गरे पिशवीत भरतंय. त्यांच्यामधून वाट काढत माणसं, माणसांमधून मोटारसायकली, आणि डोक्यावरून स्कायट्रेन. ही स्कायट्रेन १९९९ च्या डिसेंबरात सुरू झाली, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी. खाली कालव्यांतून लोकांना कामावर नेणाऱ्या बोटी धावतात. बोटीचा कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून काठाच्या अरुंद पट्टीवरून चालत तिकिटं फाडतो. पाणी उडायला लागलं की कडेचे प्रवासी दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर घेतात. पहिल्या दिवशी दोरी माझ्या बाजूला होती आणि मला काही कळलं नाही. माझ्यामुळे चार जण भिजले. कुणी काही बोललं नाही. एका बाईने हात लांब करून दोरी ओढली आणि माझ्याकडे बघून हसली.

जेवणाची पंचाईत झालीच. आम्ही दोघं शाकाहारी आणि तिथे भाजीतही माशांचा रस घालतात. ऑफिसमधल्या मुलीने एक शब्द कागदावर लिहून दिला आणि तोंडपाठ करून घेतला, 'मांगसाविरात'. मी दोन दिवस तो पोपटासारखा म्हणत होते. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला, अरे, हा तर 'मांसविरत'! मग मला नादच लागला. वेळेला ते 'वेला' म्हणतात. भाषेला 'फासा'. मंगळवारला 'आंगखान', म्हणजे आपल्या अंगारकीतला अंगारक. आणि शिक्षकाला 'ख्रू', म्हणजे गुरू. आंबा चिकट भात आणि नारळाच्या दुधाबरोबर खातात. एप्रिल म्हणजे त्यांचाही आंब्याचा मोसम. दोन दिवस आम्ही रात्रीचं जेवण म्हणून तेच खाल्लं.

ऑफिसचा एक किस्सा सांगते, कारण इथे माझ्या धंद्यातले बरेच जण बसलेत. पहिल्याच आठवड्यात माझ्या स्क्रीनवर एका नोंदीचं साल २५५५ दिसलं. मी प्रोग्रॅममधली चूक म्हणून दुपारभर शोधत बसले. शेवटी शेजारच्या मुलाने सांगितलं, "चूक नाही. आमचं बुद्धवर्ष तुमच्या सालापेक्षा ५४३ ने पुढे असतं." वर म्हणाला, "आमच्या भाषेत पाचला 'हा' म्हणतात. म्हणून हसायचं असलं की आम्ही चॅटमध्ये ५५५ लिहितो." म्हणजे त्या वर्षी अख्खा देश तारीख लिहिताना हसत होता, आणि एकटी मी रडकुंडीला आले होते.

असा आठवडा गेला आणि पहिला शनिवार आला. राजवाडा बघायचं ठरवलं. त्याच आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. नवऱ्याने नकाशा पाठ केला होता. भिंतीच्या कडेने दरवाजाकडे चाललो होतो, तेवढ्यात एक गृहस्थ पुढे आले. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, छान इंग्रजी. "कुठले? इंडिया? वा! पण राजवाडा आज दुपारपर्यंत बंद आहे. धार्मिक विधी चाललाय. तोवर दुसरं देऊळ बघून या, मी तुम्हाला टुकटुक स्वस्तात करून देतो." इतकं आपुलकीने सांगितलं की आम्ही त्यांचे आभार मानले.

टुकटुकवाल्याने एका लहानशा देवळापाशी पाच मिनिटं थांबवलं आणि मग नेलं थेट रत्नांच्या दुकानात. गार हवा, सरबत, मऊ खुर्च्या, आणि समोर नीलम-माणकांचे ट्रे. दर असे, की माझा सहा महिन्यांचा पगार एका अंगठीत बसला असता. पंधरा मिनिटांनी आम्ही काहीच न घेता बाहेर आलो. टुकटुकवाल्याचा चेहरा पडला. अजून एका दुकानात चला म्हणाला. आम्ही नाही म्हटलं. तो काहीतरी पुटपुटला आणि आम्हाला तिथेच सोडून निघून गेला.

राजवाडा बंद नव्हताच. ही तिथली जुनी, सगळ्यांना माहीत असलेली फसवणूक आहे, हे आम्हाला नंतर कळलं.

तेव्हा फक्त एवढंच कळत होतं, की दुपारचा एक वाजलाय, आपण कुठे आहोत ते माहीत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. तिथल्या लिपीत तर दोन शब्दांच्या मध्ये जागाही सोडत नाहीत, शब्द कुठे संपला तेसुद्धा समजत नाही. नकाशा आणि रस्ता जुळेनात. नवरा म्हणाला डावीकडे, मी म्हटलं उजवीकडे. मग आम्ही भांडलो. लग्नानंतरचं पहिलं खरं भांडण आम्ही बँकॉकच्या फूटपाथवर केलं. चालता चालता फुलबाजारात शिरलो. गणेशवाडीतला आपला बाजार आठवा आणि तो दहापट करा. झेंडूचे ढीग, कमळाच्या कळ्या, मोगऱ्याचे गजरे. वास तोच. त्या वासाने माझं अवसान गेलं आणि मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

शेजारी एक बाई हार करत होती. साठीची असेल. लांब सुईवर मोगऱ्याच्या कळ्या ओवत होती. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, सुई ठेवली, बर्फाच्या पेटीतून दोन पेले पाणी काढून दिलं आणि आपलं स्टूल नवऱ्याकडे सरकवलं. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता. मी नकाशावर राजवाड्यावर बोट ठेवलं. तिने हवेत दिशा दाखवली. आम्ही उठलो आणि नेमके उलट्या बाजूला निघालो. तिने हाक मारली, कपाळावर हात मारून घेतला, शेजारणीला दोन शब्द सांगितले, आपल्या दुकानावर ओलं फडकं टाकलं आणि आमच्यापुढे चालायला लागली.

दहा-बारा मिनिटं ती त्या उन्हात आमच्यासाठी चालली. पुलाजवळच्या बोटीच्या धक्क्यावर आणून तिने बोटवाल्याला आम्हाला कुठे उतरवायचं ते सांगितलं, बोटांनी 'तिसरा थांबा' अशी खूण केली. नवऱ्याने पैसे काढले. तिने हात जोडून मान हलवली. मी तिच्या मनगटावरच्या हाराकडे बोट केलं, तेव्हा हार दिला आणि त्याचे वीस बाट मोजून घेतले. बाकीचे परत केले. आणि आपल्या धंद्यावर परत गेली.

बोट सुटली. नवरा त्या पांढऱ्या शर्टवाल्याला शिव्या घालत होता. मी गप्प होते. मला १९९७ चा एप्रिल आठवत होता.

आठवीची परीक्षा संपली होती. आपण चौघी पंचवटी कारंज्यावर बर्फाचा गोळा खात उभ्या होतो. रामनवमीच्या आसपासचे दिवस, यात्रेकरूंची ही गर्दी. आपल्याला त्यांचा कंटाळा यायचा. दिवसातून दहादा तेच प्रश्न, रामकुंड कुठे, सीता गुंफा कुठे. एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांच्या डोक्यावर गाठोडं. आजी अनवाणी, नवसाच्या असाव्यात. आजोबांनी विचारलं, "पोरींनो, काळ्या रामाचं देऊळ कुठं हाय?"

देऊळ पाच मिनिटांवर होतं. आणि आपण सांगितलं, सरळ जा, दिंडोरी नाक्याच्या पुढे, लांब आहे जरा. 'आपण' म्हणते, पण बोट माझं होतं. ते दोघं "देव भलं करो" म्हणून त्या वाटेने निघाले आणि आपण कोपऱ्यावरून वळून पोट धरून हसलो.

संध्याकाळी निमाणी स्टँडवर ते पुन्हा दिसले. आजी जमिनीवर बसून तळपायांवर पाणी ओतत होत्या. आपण तोंड लपवून निघालो होतो, पण आजोबांनी ओळखलं. म्हणाले, "देऊळ घावलं बरं का पोरींनो! जरा लांब पडलं." त्यांना वाटलं, आपलंच चालणं चुकलं. आपल्यावर त्यांना शंकासुद्धा आली नाही. त्यानंतर आपण चौघींनी हा विषय कधी काढला नाही.

चाओ फ्राया नदीवर मला जे कळलं ते एवढंच. त्या पांढऱ्या शर्टवाल्याला निदान कमिशन मिळणार होतं. त्याचं घर त्यावर चालत असेल. आपल्याला काय मिळणार होतं?

राजवाड्यात पोचलो तेव्हा तिकीट खिडकी बंद व्हायला थोडा वेळ होता. त्या देवळाच्या आवारात भिंतींवर सगळं रामायण रंगवलंय, एकूण १७८ चित्रं. त्यांच्या रामायणाला रामकियन म्हणतात. कथा आपलीच, पण वळणं वेगळी. त्यांच्याकडे सीता ही रावणाचीच मुलगी, आणि मारुती ब्रह्मचारी नाही. हे ऐकल्यावर आईने फोन दोन मिनिटं नवऱ्याकडे देऊन ठेवायला लावला होता. पण राम वनवासात राहतो तो गोदावरीच्याच काठी. शूर्पणखा तिथेच येते, सोन्याचं हरीण तिथूनच पळतं. भिंतीवर त्यांनी आपल्या दंडकारण्यात थाई डोंगर आणि थाई झाडं रंगवली आहेत. मी नवऱ्याला म्हटलं, "हे आमच्या घराजवळ झालंय." सीता गुंफेसमोरचे पाच वड, आपण नंबर वाचत त्यांच्याभोवती पळायचो, ते त्याला लग्नात दाखवले होते. आता म्हणाला, "मग एवढी रडतेस का?" तेव्हा त्याला आजी-आजोबांची गोष्ट सांगितली. तो वेडंवाकडं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आपण दोघं आज तरुण आहोत, पायात बूट आहेत."

त्याच्या रजेच्या शेवटी सोंगक्रान आला. १३ ते १५ एप्रिल, त्यांचं नवं वर्ष. शब्द आपल्या संक्रांतीचाच. रस्त्यावर सगळे एकमेकांवर पाणी ओततात. मला शनी चौकातली रहाड आणि रंगपंचमीचा धप्पा आठवला. पण घरी मुलं मोठ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी घालतात आणि आशीर्वाद घेतात. आम्ही ठरवलं, त्या हारवाल्या बाईच्या हातावर पाणी घालून यायचं. फुलबाजारात तास-दीड तास हिंडलो. सगळ्या गल्ल्या सारख्या. कुणाला विचारावं तर नाव हवं. तिचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं. आजोबांचंही कधी विचारलं नव्हतं. पाणी एका अनोळखी आजीच्या हातावर घातलं. तिने न विचारता आशीर्वाद दिला.

सहा महिन्यांनी परत निघाले तेव्हा सुवर्णभूमी विमानतळावर एक भलंमोठं शिल्प पाहिलं. समुद्रमंथन. एका बाजूला देव, एका बाजूला असुर, मध्ये वासुकी. परदेशी लोक फोटो काढत होते. मला वाटलं, या मंथनातून निघालेल्या अमृताचे थेंब चार ठिकाणी सांडले, आणि त्यातलं एक ठिकाण माझं गाव आहे. म्हणून तर दर बारा वर्षांनी सगळा देश आपल्या दारात येतो आणि विचारतो, रामकुंड कुठे?

पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. तोंडावर आलाय. रस्ते होतील, पूल होतील, ॲप होतील. ॲप करणारी मी आहे, म्हणून सांगते, अनवाणी आजीला ॲप पुरत नाही. तिला कोपऱ्यावर उभा असलेला माणूस लागतो. आपल्या वर्गातले वीस-बावीस जण अजून नाशिकमध्ये आहेत. बाकीच्यांना रजा काढता येते. पर्वणीच्या दिवशी कारंज्यावर, मालेगाव स्टँडवर, निमाणीला आपण पाळीपाळीने उभं राहू. पाण्याचा जार ठेवू, आणि कुणी विचारलं तर नुसतं बोट दाखवायचं नाही, वळणापर्यंत सोबत जायचं. वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे. दुसरं आमच्या ह्यांचं, आणि कारंज्यावर आपण त्यांना डावं-उजवं विचारायचं नाही. बाकी तिघींना वेगळं सांगायला नको.

शेवटचं, बाईंसाठी. थायलंडच्या शाळांत वर्षाच्या सुरुवातीला गुरुवंदनेचा दिवस असतो, गुरुवारीच. मुलं शिक्षकांना जी फुलं देतात त्यांत वांग्याचं फूल असतं, आणि एक गवत असतं. ते गवत म्हणजे आपली दूर्वा. का, तर ती कितीही तुडवली तरी पुन्हा उगवते, आणि मुलांची बुद्धी तशी वाढावी.

आज सकाळी मी गंगेवरून दूर्वा घेऊन आले आहे. बाई, त्या दिवशी तुम्ही कारंज्यावर असता तर आम्हाला कान धरून त्या आजोबांच्या मागे पळवलं असतंत. ते पळायचं राहिलंय. पुढच्या वर्षी पळतो.